कागदावरचे देखणे ठोके

हॅलो? … हॅलो, अतियात? … मीच गं, इनशिराह! … हो, आपल्या प्रसूतिगृहातूनच. पण आज खाटेवर मी आहे. … हो, हो… अगं ऐक ना! फोन डोक्याच्या रुमालात कानाशी खोचलाय, हात मोकळे. … तुझा पाय कसाय? नेमका आत्ताच मोडून मन्सूरा शहरात जाऊन बसलीस!

कळा? … येतायत ना. थांब… आली… आली… आई गं!

… हं, गेली. वीस वर्षं इथे नर्स म्हणून बायकांना 'ओरडू नका' म्हणून दटावलं. काय अक्कल होती माझी!

सासू? … दाराबाहेर, बाळंतिणीसाठी भात भरून शिजवलेली कबुतरं मांडीवर घेऊन. थंड होतायत म्हणून मला घाई करतेय!

डॉक्टर रामेझ? … हा काय, उभाय कोकरासारखा. मघाशी यंत्राच्या कागदाबद्दल काहीतरी सांगायला आला. म्हटलं, पोरा, तू शाळेत नाक पुसत होतास तेव्हापासून बाळांचे ठोके वाचतेय मी. … मागे सरला बिचारा.

आणि कागद काय देखणा आहे म्हणून सांगू! एकशे वीस. कळ आली की थेट एकशे चाळीस! पोरगं आतूनच नाचतंय. सातव्या दिवसाच्या सोहळ्यात बाळाला चाळणीत घालून हलवायची गरजच नाही… काय? … हो, प्रत्येक कळेला. … चढतातच, एकदाही उतरले नाहीत. … अगं, इतकं काय खोदून विचारतेस? दृष्ट लावतेस का?

मनगट? कुणाचं, माझं? … नाडी कशाला बघू, मी ठणठणीत… बरं, बरं, ओरडू नकोस! … धरलं. … थांब. … अतियात. … जुळतंय गं. यंत्राच्या प्रत्येक ठोक्याला. … हे बाळाचे नाहीत. माझेच आहेत, कळेला असे आईचेच चढतात. मी मघापासून माझंच काळीज वाचत बसलेय.

रामेझ! अरे, पोटावरची ती चकती हलव! खाली… अजून खाली… … अतियात, हा म्हणतोय, मघाशी हेच सांगायचं होतं. मीच मेलीनं त्याचं तोंड बंद केलं! … सापडलं! किती? … ऐंशी. … ऐंशी, अतियात, एकशे दहा तरी हवेत. … वळले गं, डाव्या कुशीवरच आहे. … पंच्याऐंशी… परत ऐंशी. चढतच नाहीयेत.

मला भीती वाटतेय. … खूप. … हो, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय म्हणतो. डोकं खाली आलंय. व्हॅक्यूम लावून ओढतोय. … नाही, आता मध्ये बोलत नाही. … रामेझ, बाळा, तू म्हणशील तसं. … अतियात, फोन ठेवू नकोस! आली… आ…

…

हॅलो? … आहे, आहे. … बाहेर आली. मुलगी. … निळी आहे गं. पुसतायत. पाठ चोळतायत. … नाही. अजून रडली नाही. … बोलू नकोस, मला ऐकू दे…

…

ऐकलंस? … अतियात, ऐकलंस ना? … नाही गं वेडे, हा आवाज माझा नाही. मी गप्प आहे.