झाकलेलं नाव

शेवटच्या साध्या दिवशी बाबा चहा गाळत होते आणि लेक त्यांना चिडवत होती, "जन्मभर सैन्याच्या फायली सांभाळल्यात, पण सांगण्यासारखी एक गोष्ट नाही तुमच्याकडे!" बाबा नुसते हसले.

ते गेल्यावर महिन्याभरानं आईच्या पेन्शनसाठी ती त्यांच्याच कचेरीत रांगेत उभी राहिली. तिच्या पुढचे एक म्हातारे माजी सैनिक खिडकीतल्या बाईंशी हुज्जत घालत होते.

"फाईल माझी, आणि साक्षीदाराचं नाव माझ्यापासूनच झाकता?"

"आजोबा, नाव गुप्त ठेवायच्या बोलीवर साक्ष घेतली होती. खासगी माहितीच्या कायद्यात असं नाव न दाखवण्याची सैन्याला सूट आहे."

"अहो, त्या साक्षीनं माझी नोकरी वाचली. मला कुठं भांडायचंय? पाय धरायचेत त्याचे!"

"सगळे असंच म्हणतात."

"ही काळी पट्टी मारली कुणी?"

"आमच्या जुन्या साहेबांनी. गेल्या महिन्यात वारले."

"त्यांनी तर वाचलं असेल! घरी तरी बोलले असतील."

"ते? छे हो! त्यांच्या तोंडून ब्र निघायचा नाही."

"म्हणजे आमच्यासारख्यांची किती गुपितं पोटात घेऊन गेला हा माणूस!"

म्हाताऱ्यानं ताठ उभं राहून त्या काळ्या पट्टीला सलाम ठोकला.

"पुढे कोण? बोला, ताई."

"बाबा," ती त्या काळ्या पट्टीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "केवढे मोठे होता हो तुम्ही!"