पंखवाल्या सापाची कॅसेट

बारावीत नापास झालेली लेक महिनाभर दार लावून वॉकमनवर एकच कॅसेट ऐकत होती. इंदिराबाईंनी आज ती कॅसेट गुपचूप पिशवीत घातली आणि चोपड्याच्या भगताला दाखवायला जळगाव स्टँड गाठलं. रांगेत पुढे कॉलेजची दोन पोरं इंग्रजी गाण्यांवरून हमरीतुमरीवर आली होती.

"पॉवर मेटल म्हणजे मेटलच नाही, भो! नुसते ड्रॅगन अन् राजे."

"आणि तुझं डेथ मेटल? प्रेतं अन् नरक!"

"त्यात दम असतो."

"माझ्यात राज्य गेलेला राजा तलवार घेऊन परत येतो. अंगावर काटा येतो."

"अन् दरवेळी जिंकतो. पोरखेळ!"

"असू दे. गणितात उडालो तेव्हा त्यानंच उठवलं मला. तुझी प्रेतं नाही आली."

इंदिराबाईंनी कॅसेट पुढे करून वरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"भाऊ, हाई पंखवाला सापनी कोणती शे?"

"मावशी, पॉवर मेटल! हा ड्रॅगन. अन् ही राजाची तलवार."

"शेवटले राजाच जिकस ना? पक्कं?"

"पक्कं, मावशी."

तेवढ्यात चोपड्याची गाडी लागली. इंदिराबाई रांगेतून बाहेर पडल्या.

"मावशी, चोपडा नाही का?"

"नही भाऊ. वॉकमनना सेल कोठे भेटतीन?"