पूल झाला, चढायला वाट न्हाय

माझं माहेर केम गावाकडं, आन दिली मंगळवेढ्याकडं, मेंढरंवाल्यांच्या घरात. आमची वस्ती ओढ्याच्या अल्याड, गाव आन डांबरी सडक पल्याड. ओढा तसा कोरडाच, पण वरच्या अंगाला पाऊस झाला की एकदम अंगावर येतो. पूल व्हावा म्हणून आमचे मालक म्हातारे होईस्तोवर हेलपाटे घालत राहिले, आन काय सांगू तुमाला, झाला की पूल! चांगला भक्कम, कठडे बिठडे लावून. पण दोनी टोकं माणसाच्या डोक्याच्या वर, चढायला वाटच न्हाय. ठेकेदार म्हणला, आक्का, माझ्या टेंडरात नुसता पूल, दोनी बाजूच्या भरावाचं टेंडर येगळं निघंल. ते काय निघालंच न्हाय. काम पूर्ण म्हणून पाटी मात्र लावली.

त्या पावसाळ्यात आमच्या सुनंचे, रेणुकाचे, दिवस भरलेले. लई गुणाची पोर. कळा सुरू झाल्या आन ओढा भरून आला. ॲम्ब्युलन्स पल्याड उभी, डायवर हात करतोय, या म्हणून. आमी पुलाला शिडी लावली, लेकानं तिला पाठीवर घेऊन वर चढवलं. पल्याडच्या टोकाला उतरायची दुसरी शिडी येईपातुर ती वरडायला लागली, आवं मला खाली ठेवा, मला जमंना. तितंच पुलावर, पावसात, पोरगी झाली. रडलीच न्हाय ती. मी लई चोळलं तिला, लई चोळलं.

रेणुका उठून बसायला लागली तशी म्हणली, आत्या, मला सोलापूरला न्या. तितं सात रस्त्याच्या चौकात एस्टीतनं उतरून बांधकामाच्या हापिसात गेलो. सायेब म्हणले, बाई, पुलाचं खातं येगळं, रस्त्याचं येगळं. ही म्हणली, मग माझी पोरगी कुनाच्या खात्यात धरता, सायेब? सायबानं पुलाची फाईल मागवली. नंतर भराव पडला. मेंढरं सुदीक वरनं जात्यात आता.

परवा वस्तीला पाण्याची टाकी मंजूर झाली. रेणुका ग्रामसभेत उभी राहिली, म्हणली, नळापातुरची पाईप ह्याच कामात धरलीया का? न्हवती धरली. म्हणली, आदी ती धरा, मग नारळ फोडा. झालं, कागद माघारी गेले, काम लांबलं. आता हापशावर बाया तिलाच बोलत्यात, हिच्यापायी पाणी आडलं म्हणून. ही ऐकून घेती, घागर भरती, घरला येती. पुन्ना दिवस गेले न्हाईत तिला. मी पाठीवरनं हात फिरवते, दुसरं माझ्या हातात काय हाय? देवानं तिला बळ द्यावं, येवढंच.