शालनअक्कांचं राहिलेलं जेवण

जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांनो, भावकीतल्या, गल्लीतल्या माणसांनो, आणि मागं खांबाला टेकून बसलेल्या माझ्या आयाबायांनो,

मला बोलायला उभं केलंय, पण सुरुवात कुठनं करायची ते कळेना. माझे वडील फौजेत सुभेदार होते. ते म्हणायचे, आवाज फुटत नसला तर पहिलं वाक्य मोठ्यानं बोलावं, बाकीची आपोआप मागनं येतात. म्हणून पहिलं वाक्य मोठ्यानं बोलते. शालनअक्का गेल्या.

बोलले. आता जरा जमेल.

मी वैशाली, साताऱ्याची. इथं मला ओळखणारी माणसं थोडी. काल तेराव्याला एका आजींनी विचारलं, "तू कुनाची गं?" मी म्हटलं, "अक्कांची." त्या म्हणाल्या, "आगं पर अक्काची कोन? लेक, सून, भाची?" मी त्यांची यातली कुणीच नाही. अक्का आणि त्यांचे यजमान, आपले नाना, आफ्रिकेत दार-ए-सलामला राहायचे. समुद्रकाठचं शहर. तिथं नानांचं सोनं गाळायचं दुकान होतं. आता विट्याच्या माणसांना गलाई म्हणजे काय ते मी काय सांगणार! तुमच्यातली निम्मी घरं त्या धंद्यात. कुणी मद्रासला गेलं, कुणी कोचीनला. आपले नाना जरा जास्तच पुढं गेले, समुद्र ओलांडून थांबले. त्याच शहरात मी नवऱ्याच्या नोकरीपायी गेले, आणि तिथं मला रुजवलं अक्कांनी. मला आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना. त्यातले काही आज इथं बसलेत. तो मलकापूरचा अभिजित बघा, डोळे पुसतोय आणि मोबाईल बघतोय असं दाखवतोय.

श्रद्धांजली वाहायला आलेय, ते तर खरंच. पण खोटं कशाला बोलू? मी भांडायलाही आलेय. नानांशी.

काल सगळी पांगापांग झाल्यावर नाना मला म्हणाले, "वैशाली, प्रशांत न्यायला आलाय. जातो त्याच्याकडं बंगळूरला. हितं माझं कोन हाय? सगळा जलम तिकडं गेला. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं मला येत न्हाईत. माझ्याच गावात मी परदेशी झालोय." एवढं बोलले, आत गेले, आणि दार लावून घेतलं.

प्रशांत, तू चांगला मुलगा आहेस. वडिलांना एकटं सोडवत नाही, हे बरोबरच आहे. तुझ्याशी माझं भांडण नाही. पण नाना, हे घर तुम्ही तिकडं बसून बांधलंत. खिडकी कुठल्या अंगाला काढायची यावरून तुम्ही गवंड्याशी फोनवर वाद घालायचा, आणि अक्का मागनं ओरडायच्या, "आवं, मोरीचा उतार बघाय सांगा आदी!" म्हातारपण इथं काढायचं, हे तुमचं दोघांचं ठरलेलं. आणि आता तुम्ही म्हणता, इथं माझं कोण आहे. बसा नाना, बसा. उठू नका. उत्तर ऐकून घ्या.

मंडळी, अक्का तिकडं नव्या नव्या गेल्या तेव्हाची गोष्ट सांगते. त्यांनी मला इतक्यांदा सांगितलीय, की मीच तिथं हजर होते असं वाटतं. नाना दुकानात. अक्का घरात एकट्या. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही. भाकरीचं पीठ इथनं नेलेलं, तेही संपत आलेलं. दुपारी दार उघडं टाकून जेवायला बसल्या. आपल्याकडं दार लावून कोण जेवतं? तेवढ्यात समोरच्या खोलीतली बाई पाण्याची बादली घेऊन दारावरनं चालली. आता आपली सवय तुम्हाला माहीत आहे. तोंडात घास असताना कुणी दारावरनं गेलं, तर आपण काय म्हणतो?

बरोबर. "या जेवायला."

आणि जाणारा काय म्हणतो?

"होऊ द्या!" बघा, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. म्हणणाऱ्याला माहीत असतं की कुणी येणार नाही, आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की यायचं नाही. तरी म्हणायचं. नाही म्हटलं तर घास गोड लागत नाही.

अक्कांना तिकडच्या भाषेतला एकच शब्द येत होता. करिबू. म्हणजे या. सवयीनं हात ताटाकडं गेला आणि तोंडातनं निघालं, "करिबू!"

त्या बाईनं बादली खाली ठेवली. त्याच पाण्यानं हात धुतले. आत आली, मांडी घातली आणि भाकरी मोडली.

हसा, हसा. अक्कांच्या सभेत हसू आलं तर दाबायचं नाही. अक्का सांगायच्या, "माझ्या पोटात कावळं वरडत व्हतं, आन ही बया माझीच भाकरी खातीया. मी मनात म्हनतीया, आगं बाई, 'होऊ द्या' म्हन की! कुटलं काय. चटनीनं तिच्या नाकातोंडातनं पानी वाह्यला लागलं, तरी हात न्हाई थांबला." त्या दिवशी अक्का अर्धपोटी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तीच बाई दारात. अक्कांचा हात धरला आणि सरळ आपल्या घरात नेऊन बसवलं. मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा, पालेभाजी, वर मासा. पोटभर वाढलं. मग बाजारात नेलं आणि एका पोत्यापुढं उभं केलं. अक्कांनी पोत्यात हात घातला आणि त्यांना रडू फुटलं. पोत्यात ज्वारी होती. तिकडं तिला म्तामा म्हणतात, म्हणून इतके दिवस सापडली नव्हती. त्या बाईचं नाव मामा नीमा. तिकडं आईला मामा म्हणतात. नाना चेष्टा करायचे, "लोकांना परदेशात मावशी मिळंना, माझ्या बायकुला मामा मिळाली."

मंडळी, तुमची-आमची ही एक चूक. नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं आमंत्रण, आणि समोरच्यानं ते खरं धरलं. दुसरी एखादी असती तर पुढच्या वेळी दार लावून जेवली असती. अक्कांनी काय केलं? त्यांनी त्या चुकीचा कायदा केला.

कायदा असा, की गावात नवं माणूस आलं तर त्याला जेवायला बोलवायचं नाही. त्याच्याकडं जेवायला जायचं. पहिल्याच आठवड्यात.

मी गेले तेव्हा माझं फार वाईट चाललं होतं. बॅग उघडली नव्हती. रोज त्यातनं एक साडी काढायची आणि चेन परत लावायची. नवऱ्याला म्हटलं होतं, बॅग भरलेलीच आहे, तिकीट तेवढं काढा. आणि अशात फोन आला. "मी शालन बोलतीया, विट्याची. आईतवारी आमी तुझ्याकडं जेवाय येतोय. आठ-धा जण." ओळख ना पाळख! मी म्हटलं, "अहो, माझ्याकडं दोन ताटं आहेत." त्या म्हणाल्या, "ताटं आमी आनतो. तू निस्तं 'या' म्हन."

रविवारी खरंच आल्या की हो. प्रत्येकीच्या काखेत आपापलं ताट. वाजतगाजत वरात यावी तशा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बसल्या. माझी भाकरी फाटली, आमटी पाण्यासारखी झाली. कुणी नावं ठेवली नाहीत. म्हणजे खोटं कशाला सांगू, अक्कांनी ठेवली. म्हणाल्या, "आमटी बरी हाय, पर जरा वळख करून दे की डाळीची." मग म्हणाल्या, "मीठ कुटं हाय?" मी म्हटलं, "बॅगेत." "बॅगेत कुटं?" "तळाशी." झालं. चार बायका बॅगेवर तुटून पडल्या. मीठ शोधता शोधता साड्या मांडणीवर गेल्या, चटणीचे डबे ओट्यावर गेले, आईनं दिलेला देव कोनाड्यात जाऊन बसला. मीठ सापडलं तोवर बॅग रिकामी झाली होती. अक्कांनी ती पलंगाखाली ढकलली, ती मी कित्येक वर्षं काढली नाही.

पुढं मी त्यांना विचारलं होतं, "अक्का, नव्या माणसाचे असे हाल का करता? तुम्हीच का नाही जेवायला घालत?" त्या म्हणाल्या, "आगं, आपन त्याला वाढलं तर त्यो पावनाच ऱ्हातुया. त्यानं आपल्याला वाढलं म्हंजी मग त्यो घरचा धनी झाला. धनी कवा परका असतुया व्हय?"

अभिजितनं तर सगळ्यांना पाकिटातल्या शेवया शिजवून घातल्या होत्या. इंजिनिअर माणूस, बाकी काही येत नव्हतं. अक्कांनी ताटभर खाल्ल्या आणि शांतपणे विचारलं, "लय चांगल्या झाल्यात. आता ह्याला फोडनी कवा द्याची?" हल्ली तोच अभिजित तिकडं विमानतळावर नव्या माणसांना आणायला जातो, आणि वाटेतच दटावून सांगतो, रविवारी आम्ही येतोय. आणि हे फक्त आपल्या मराठी माणसांपुरतं नव्हतं हं. केरळची नर्स, बिहारचा सुतार, कुणीही. मामा नीमा शेवटपर्यंत त्या पंगतीत पहिली बसायची. परवा तिचा फोन आला होता. अक्का गेल्याचं सांगितलं तर नुसती "पोले, पोले" म्हणत राहिली. तिकडं दुःखात असं म्हणतात. मग तिनं विचारलं, "बाबा जेवला का?" बाबा म्हणजे आपले नाना.

नाना जेवले नव्हते. पण तेव्हा मी खरं बोलले नाही. हो म्हटलं.

आम्ही साताऱ्याला परत आलो, तेव्हा मला वाटलं होतं, आता काय, आपलंच गाव. पण माणसं बदललेली, शेजार बदललेला. लिफ्टमध्ये कुणी तोंड उघडत नाही. आठ दिवसांत मी पुन्हा तीच, बॅग न उघडणारी वैशाली. अक्कांचा फोन आला. "जेवाय कुनाला बोलावलंस?" मी म्हटलं, "अक्का, हे परदेश नाही, सातारा आहे." त्या म्हणाल्या, "मग तर लयच सोपं हाय. भाषा येती की तुला!" मी बोलावलं. मजल्यावरची चार घरं आली. आज मी इथं आलेय आणि माझी म्हातारी सासू तिकडं आहे. तिच्याजवळ शेजारचीच बाई बसलीय.

आणि मग अक्का-नाना स्वतः परत आले. इथं, विट्याला. आल्या आल्या अक्कांनी मला फोन केला. काय आनंद होता त्या आवाजात! "वैशाली, आता आमी नवं. पैल्या आठवड्यात सगळ्या गल्लीला जेवाय सांगनार. तू ताट घिऊन ये." मी ताट पिशवीत घातलं होतं हो. पण तीनच दिवसांत त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं. ते जेवण राहिलं. मिरजेत मी भेटायला गेले, तर नळ्या लावलेल्या, बोलायला दम पुरत नव्हता. मला वाटलं, औषधाचं काही सांगतील. तर म्हणाल्या, "जेवान ऱ्हायलं गं. ह्यांनला गल्ली वळखत न्हाई अजून."

अक्कांना मरणाची काळजी नव्हती. ही काळजी होती.

म्हणून नाना, इथं माझं कोण आहे, असं विचारायचा तुम्हाला अजून हक्कच नाही. तुम्ही कायदा पाळलेला नाही. कालचं तेराव्याचं जेवण धरू नका. ते आचाऱ्यानं रांधलं, भावकीनं वाढलं, आणि तुम्ही आत भिंतीकडं तोंड करून पडला होता. कुणालाही 'या' म्हटलं नाहीत. आणि स्वयंपाक येत नाही असं तर मला सांगूच नका. लग्नाआधी दुकानातल्या पोरांना तुम्ही अख्खा मसूर करून घालायचा, हे अक्कांनीच सांगितलंय. "माझ्यापरास बरा करत्यात, पर त्यांच्या तोंडावर सांगू नगंस," असंही म्हणाल्या होत्या. आज सांगितलं.

मसूर मी काल रात्री भिजत घातलाय. भाकऱ्या या मागच्या आयाबाया थापणार आहेत, विचारलंय त्यांना. अभिजितनं सकाळी दारोदार जाऊन निरोप दिलाय, ज्यानं त्यानं आपलं ताट आणायचं. खुर्च्यांखाली ताटं दिसतायत मला. प्रशांत, जेवण होऊ दे, मग तू आणि नाना काय ते ठरवा. जायचं ठरलं तर नाना या गावचे धनी म्हणून जातील, परके म्हणून नाही.

आता फक्त एक राहिलं. ते मी म्हणून चालत नाही, नाना. अक्का असत्या तर त्यांनी म्हटलं असतं. आता तुम्हाला म्हणावं लागेल.

थांबा मंडळी. नाना मान हलवतायत. उभी की आडवी, मला इथनं कळेना.

काय म्हणालात, नाना? जरा मोठ्यानं. मागं बायकांना ऐकू जाईना.

...ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना?

"या जेवायला," म्हणाले.

आता तुमच्यातल्या कुणी "होऊ द्या" म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे.

चला, उभे राहूया. ज्यांना अक्का माहीत होत्या त्यांनी त्यांना आठवा, ज्यांना माहीत नव्हत्या त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं एकदा बघून घ्या. अक्कांना ते जास्त आवडेल. दोन मिनिटं शांत राहू. मग इथनंच, आपापलं ताट घेऊन, नानांच्या घरी जाऊ. मीठ घरात सापडलं नाही, तर मी आधीच सांगून ठेवते नाना, तुमची भरलेली बॅग मी उघडणार आहे.

अक्का, आम्ही आलोय.