बेचाळीस इंची बार आणि आठ दातांचं स्प्रॉकेट

आजच्या सभेच्या अध्यक्षा सन्माननीय श्रीमती मॅक्लीश, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती श्रीमती व्हर्ना कोस्केला, आणि सॅमनच्या ताटांकडे नजर लावून बसलेल्या माझ्या लाकूडतोड्या बंधुभगिनींनो,

जेवणाआधी मला दहा मिनिटं दिली आहेत. सांभाळून घ्या.

व्हर्नाने चौतीस वर्षं आपल्या या बंदरात करवतींचं दुकान चालवलं. तिच्या दुकानात वस्तू मिळायची, पण आधी चौकशी व्हायची. झाड कोणतं? बुंधा किती जाड? कुठल्या बाजूला झुकलंय? तू उभा कुठे राहणार? अहो, साधी साखळी घ्यायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने बाहेर पडायचा! ही बाई हे सगळं कशाला विचारते, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला?

मी केला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी नवी मोठी चेनसॉ घेऊन तिच्याकडे गेलो. (स्वयंपाकघरातल्या मंडळींसाठी सांगतो: बार म्हणजे साखळी ज्याच्या कडेने फिरते ते लांब पातं, आणि स्प्रॉकेट म्हणजे ती साखळी ओढणारं इंजिनाचं दातेरी चाक.) म्हटलं, "बेचाळीस इंची बार लाव आणि आठ दातांचं स्प्रॉकेट."

"का?"

"का म्हणजे? बार लांब म्हणजे वाकायला नको. दात जास्त म्हणजे साखळी जोरात पळते."

"पळते, पण जोर कमी पडतो. सायकलवर चढ चढताना तू कुठला गिअर टाकतोस, अँसेल? एवढा बार पूर्ण लाकडात रुतला की इंजिन गुदमरेल. आठ दात हवेत तर बत्तीस इंची बार घे. बेचाळीसच हवा असेल तर सात दात. दोन्ही हट्ट एकदम नकोत."

दुकानात चारजण होते, आणि मी तेव्हा तिशीतला. म्हटलं, "व्हर्ना, आयुष्यात झाडं किती पाडलीस गं तू?"

सगळे हसले. ती म्हणाली, "एकही नाही. म्हणून तर विचारावं लागतं." नंतर मी म्हटलं तसं तिने बसवून दिलं.

पुढचं इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उतारावरचं फरचं झाड, पुढे चांगलंच झुकलेलं. अशा झाडाचा मागचा काप झटपट संपवावा लागतो. रेंगाळलात तर ते अर्ध्यातच पडायला लागतं, बुंधा उभा चिरतो आणि मागची फाक उसळून अंगावर येते. माझा बार आत रुतला आणि इंजिनाचा आवाज बसला. मी करवत जराशी मागे घेतली, इंजिनाला दम घेऊ दिला, पुन्हा दाबली. तेवढ्यात बुंधा फाटला. मी करवत टाकून उडी मारली. हात दोन ठिकाणी मोडला. डोकं वाचलं ते कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना इस्पितळात आली. फुलं नाहीत, काही नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "चिरायच्या आधी इंजिनाचा आवाज कसा होता? एकदम बसला की हळूहळू?"

माझी बायको बेरिट भडकली. "माणूस मरता मरता वाचलाय आणि तुला इंजिनाचं पडलंय?"

"मला माहीत होतं, बेरिट, आणि तरी मी बसवून दिलं. मला कळायला हवं की मी नक्की काय केलं."

तीन आठवड्यांनी तिने आम्हाला दुकानामागे बोलावलं. चाळीस इंच जाडीचा ओंडका, तीच साखळी, तोच बार. करवत तिने स्वतः धरली, घड्याळ बेरिटच्या हातात. आठ दात आधी सुसाट गेले, मग अडखळले: एक मिनिट पन्नास सेकंद. सात दातांनी एक मिनिट वीस! मग बत्तीस इंची बार आणि बारीक ओंडका. तिथे आठ दात जिंकले.

"बघ! मी पूर्ण चुकलो नव्हतो," मी म्हटलं.

"अर्धाच चुकलास," ती म्हणाली, "आणि अर्ध्यात हात मोडला."

तिघेही खूप हसलो. त्या हसण्यात एक गोष्ट राहून गेली, मंडळी. तीच आज सांगायची आहे.

अपघाताची चौकशी याच सभागृहात झाली. व्हर्ना उभी राहिली आणि म्हणाली, "ते स्प्रॉकेट मी बसवलं." बस, इतकंच. तिने आधी बजावलं होतं, हे ती बोलली नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काही आठवत नाही." दुकानात हसलेले ते चौघेही गप्प राहिले. पुढची दोन वर्षं निम्मं गाव तिच्या दुकानाची पायरी चढलं नाही. "बाईला कळत नाही," असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो. एकट्या बेरिटला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? गावाला सांग."

आज सांगतो. मला सगळं आठवत होतं. तिने बजावलं होतं, हट्ट माझा होता.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींचे मनापासून आभार. भाषणात काही अधिकउणं बोललो असेन तर आपण सर्वांनी पोटात घालावं. व्हर्ना, त्या दिवशी जे बोललो नाही त्याची माफी मात्र तुझ्या एकटीकडे मागतो. ती माफी तू आज इथेच द्यायला हवी असं नाही.