शैलाच्या गालांवरचं रूज

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मैत्रिणीच्या फोटोला हार घातलेला बघत बोलणं सोपं नाही. त्यात मला राग आलाय. काल, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, हा फोटो सोसायटीच्या या हॉलमध्ये लागला. मी बघितला आणि विचारलं, "सावंत, हिच्या गालांवरचं रूज कुठे गेलं?"

आपले सेक्रेटरी सावंत म्हणाले, "बाई, शोकसभा आहे. स्टुडिओवाल्याकडून जरा सौम्य करून घेतलं. विधवा बाईचा फोटो, बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही? कोणाला?

रूज म्हणजे गालांना लावायचा लालसर रंग. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर हा शब्द अशा आवाजात उच्चारायच्या, जणू लावणारी थेट नरकात जाणार. मी घाबरले, कधी लावलं नाही. शैलाने लावलं. इथेच परळला, आपली चाळ होती तेव्हा, नवरा गेल्यावर वर्षभराने टेलिफोन ऑफिसला निघताना लावलं. जिन्यात मालूकाकींनी अडवलं, "गो, आता ही थेरां कोणासाठी?"

शैला म्हणाली, "आरशासाठी, काकी. तुमका लावू?"

तिची नात त्याला ब्लश म्हणते. शैला तिला लगेच टोकायची, "ब्लश म्हणजे लाजून गाल लाल होणं. मी लाजलेली नाही, बाळा. मी लावलंय. रूजच म्हण."

कळला का फरक, मंडळी? एक लाली आपोआप येते. दुसरी बाई स्वतःच्या हाताने, आरशात बघून, लावते. तो तिचा निर्णय होता. सावंत, तुम्ही तो पुसलात. तिला न विचारता. तिच्या पोरांना न विचारता.

पण ऐका. आज सकाळी आमच्या मजल्यावरच्या दोघीजणी माझ्याकडे आल्या. दोघींचे नवरे गेलेले. दारातूनच म्हणाल्या, "शैलाताईंची ती रूजची डबी तुमच्याकडे आहे का हो?" होती, तिच्या नातीने आठवण म्हणून मला दिलेली. त्या दुसऱ्या रांगेत बसल्यात. बघा त्यांचे गाल. अगं, मान वर करा! आयुष्यात पहिल्यांदाच, मीही लावलंय. डाव्या गालावर जरा जास्त झालंय. जमेल हळूहळू.

सावंत, शैलाचा खरा फोटो, रूजसकट, या हॉलमध्ये कायमचा लागणार की नाही? "कमिटीपुढे ठेवतो" मला चालणार नाही. लेखी उत्तर हवं, सहीशिक्क्यासह, बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत.

आता उभे राहूया. दोन मिनिटं शांत. सावंत, तुम्हीसुद्धा.