चिमणी काढा, चिमण्या घाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, भिंतीपलीकडच्या वस्तीतून अगत्याने आलेले शेजारी, सहकारी मित्रांनो, आणि ज्यांना आपण समोर मॅडम अन् पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतो त्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती,

मी जाहिरात विभागातला कॅमेरामन. कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं की माझी जीभ अडखळते, तेवढं सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी आपल्या कंपनीने हिरवं व्हायचं मनावर घेतलं. तेलाचा कारखाना तोच, धूर तोच. टँकरना मात्र हिरवा रंग लागला. जाहिरातीची फिल्म ठरली, मजकूर मॅडम लिहिणार होत्या. मला वरून सूचना आली, की चित्रातल्या आकाशातली कारखान्याची चिमणी काढा आणि चिमण्या घाला.

चित्रीकरणासाठी आम्ही दोघं वस्तीतल्या एका गच्चीवर गेलो. ज्यांची गच्ची, त्या बाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या खिडक्या बंद, आणि बाळाचे धुतलेले कपडे आत खोलीत दोरीवर. बाहेर घातले की काजळी बसते, म्हणाल्या. समोर चिमणीच्या टोकावर जादा वायू जाळणारी ज्वाला. आम्ही कशाला आलोय ते मॅडमनी सरळ सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या चित्रातून काढाल हो. माझ्या खिडकीतून कोण काढणार?"

पुढच्या बैठकीत मॅडमनी मजकूर लिहायला साफ नकार दिला. तेव्हाचे मोठे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, जाहिरात म्हणजे काही शपथपत्र नव्हे."

मॅडम म्हणाल्या, "मग फिल्मखाली तसं लिहू या."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. फिल्म बारगळली, आणि मॅडमची बदली फाटकाजवळच्या तक्रार खिडकीवर झाली.

शिक्षा म्हणून मिळालेल्या त्या जागेचं मॅडमनी काय केलं? वस्तीतल्या बायका आणि आपले इंजिनिअर यांना दर महिन्याला एका टेबलाशी बसवलं. सुरुवातीला नुसती भांडणं. मग एका इंजिनिअरने सांगितलं, की हा वायू पकडून परत भट्टीत वापरता येतो. यंत्रणा हवी, पण मंजुरी मिळत नाही. झालं! फिल्मचा खर्च इकडे वळवा, असं मॅडम दिसेल त्या साहेबाला सांगत सुटल्या. साहेब लोक दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. पुढे आपले अध्यक्ष महोदय संचालक म्हणून आले, आणि मॅडमनी त्यांना त्याच गच्चीवर नेलं. साहेब पांढरा शर्ट घालून गेले होते. परतताना तो कसा दिसत होता, हे त्यांच्यासमोर सांगत नाही.

यंत्रणा बसली. ज्वाला आता काही बिघाड झाला तरच पेटते. बाईंच्या खिडक्या उघड्या असतात. आपण अजून तेलच विकतो, तेव्हा हिरवे झालो असं म्हणायची माझी छाती नाही. मॅडम समोर बसल्यात. पण पुढचं काम होईल, असं आता वस्तीलाही वाटतं.

मला बोलू दिलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. एक सूचना तेवढी राहिली. मॅडमनी वस्तीतच घर घेतलंय. नाल्याच्या पाण्यावर अजून तेलाचा तवंग येतो, त्यावर सोमवारी बैठक आहे. मॅडम टेबलाच्या पलीकडून येणार आहेत. अध्यक्ष महोदय, तयारीने या.